उभ्याने खाल्लेली भाकरी

आमच्या दौंडच्या ख्रिस्ती मंडळीत उपदेश चांगला झाला की नाही, हे मोजण्याचे माझ्या लेखी एकच उपकरण होते: पप्पांचे डोळे. पप्पा रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर मंडळीच्या पंचांत त्यांची निवड झाली आणि उपासनेत ते पहिल्या बाकावर बसू लागले. पाळकसाहेबांनी उपदेशाला सुरुवात केली की पप्पा डोळे मिटत. ते झोपत नसत; घरी आल्यावर मुद्द्यामागून मुद्दा सांगत. मात्र एखादे वाक्य खरोखर आत पोहोचले, तर त्यांचे डोळे उघडत आणि उपदेश संपेपर्यंत पुन्हा मिटत नसत. असे क्वचित घडे. मी शाळेत असल्यापासून उपदेशापेक्षा त्या पापण्यांवर जास्त लक्ष ठेवत आले आहे.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी कुरकुंभच्या एका कारखान्यात, गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथे दोन वर्षांत माझ्या हाताखाली माणसे आली. मला पुढे संशोधन करायचे आहे, आणि ते मी करणार, याबद्दल घरात कुणाला शंका नाही. ज्याबद्दल मी कधी कुणाकडे बोलले नाही, ती इच्छा वेगळी होती. मला त्या व्यासपीठावर उभे राहायचे होते. आमच्या मंडळीत एखाद्या तरुण मुलीने उपदेश केल्याचे मला आठवत नाही. मी उभे राहावे, एक नीट बांधलेला, पुराव्याला धरून असलेला उपदेश द्यावा, आणि पहिल्या बाकावरच्या त्या दोन पापण्या उघडाव्यात, एवढेच माझ्या मनात होते.

त्या मे महिन्यात पाळकसाहेबांनी ही संधी अचानक समोर ठेवली. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत दौंड आणि शिरूर इथल्या दोन्ही मंडळ्यांच्या मुलांसाठी पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, वर्ग भरतात. वर्ग यंदा दौंडला होते आणि समारोपाची उपासना शिरूरला. विषय होता मिसरातून, म्हणजे इजिप्तचा राजा फारो याच्या गुलामीतून, झालेली इस्राएल लोकांची सुटका. मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे होता, लहान मुलांचा वहिनीकडे. पहिल्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, "समारोपाचा उपदेश दरवेळी मीच करतो आणि मुलं जांभया देतात. या वर्षी तुम्हा दोघींपैकी एक जण करील. शेवटी पंच दोन्ही वर्गांतल्या मुलांना प्रश्न विचारतील. मुलांना ज्या वर्गात गोष्ट कळली असेल, त्या वर्गाची बाई बोलेल."

वहिनी माझ्याकडे पाहून हसली. मीही हसले. माझे हसणे खोटे होते आणि तिचे नव्हते, हे मला त्याच क्षणी कळले, आणि त्याचाही मला राग आला.

वहिनी शिरूरची. माझ्याच वयाची. इतिहासात बी.ए. करून ती एका खासगी शाळेत शिकवत असे. भाऊ तिला तिथेच एका लग्नात भेटला. ती घरात आली तेव्हा मला तिच्याविरुद्ध काहीही नव्हते. मग एका संध्याकाळी ती आईबरोबर शेंगा फोडत बसली होती आणि बोलता बोलता दानिएलाला सिंहांच्या गुहेत टाकले ती गोष्ट सांगू लागली. सांगण्यासारखे नवे त्यात काय होते? आम्ही सगळे ती गोष्ट दूध प्यायच्या वयापासून ऐकत आलो होतो. पण वहिनी गुहेपाशी गेलीच नाही. ती राजाच्या महालात गेली. रात्रभर झोप न लागलेला तो राजा पहाटे उठून गुहेच्या तोंडाशी येतो आणि हाक मारायला घाबरतो; कारण हाक मारली आणि आतून उत्तर आले नाही, तर? एवढे सांगून ती शेंग फोडायला थांबली. पप्पा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले.

शेंगांच्या ढिगाऱ्यापाशी. एखाद्या मामुली संध्याकाळी. कसलीही तयारी न करता.

मत्सर म्हणजे आग, असे लोक म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. प्रयोगशाळेत आम्ही नळीतून थेंबाथेंबाने द्रावण सोडतो. खालच्या पात्रातले पाणी बराच वेळ स्वच्छच राहते, आणि मग एकच थेंब पडतो आणि सगळ्याचा रंग बदलतो. तो शेवटचा थेंब आधीच्या थेंबांहून निराळा नसतो. वहिनी पप्पांना चहा देताना कपाचा कान त्यांच्या उजव्या हाताकडे वळवून ठेवत असे. मंडळीतल्या बायका भजन उचलण्याआधी तिच्याकडे बघत. पप्पा मला कौतुकाने "शास्त्रज्ञबाई" म्हणत. तिला नुसतेच "पोरी" म्हणत. हे सगळे थेंब होते. पाळकसाहेबांचे ते बोलणे हा शेवटचा.

मी तयारीला लागले. इस्राएल लोकांना वाट देण्यासाठी समुद्र दुभंगला, त्या प्रसंगासाठी मी पसरट ताट आणले, त्याच्या मधोमध चिकणमातीचा उंचवटा केला, वर बोटभर पाणी ओतले आणि बाजूला टेबलफॅन ठेवला. शास्त्रात स्पष्ट लिहिले आहे की रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहत होता. वारा उथळ पाण्याला ढकलू शकतो, हे गणिताने मांडता येते. मी फॅन लावला. पाणी सरकत गेले आणि मातीचा कोरडा पट्टा वर आला. मुले बाकांवरून उठून ताटाभोवती गोळा झाली.

"बाई, मंग चमत्कार कुठं हाय ह्याच्यात?" एकाने विचारले.

"वारा नेमका तेव्हाच सुटला, यात," मी म्हणाले.

हे उत्तर मला आजही पटते. पाळकसाहेब दारात उभे होते; त्यांनी मान डोलावली. त्या दिवशी मी घरी जाताना भीमेच्या पुलावर थांबले आणि मनातल्या मनात उपदेशाचे पहिले वाक्य रचले.

दुसऱ्या दिवशी, गोष्टीत एक पाऊल मागे येऊन, वल्हांडणाचा धडा होता. मिसरातून निघण्याच्या रात्री इस्राएल लोकांनी दाराच्या चौकटीला कोकराचे रक्त लावले, त्याचे मांस भाजले आणि बेखमीर भाकरीबरोबर खाल्ले. कारण कणीक फुगेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. हा धडा मी खमिराच्या अंगाने शिकवायचे ठरवले होते. कोमट पाणी, साखर आणि खमीर बाटलीत घालून तिच्या तोंडाला फुगा लावला. फुगा हळूहळू उभा राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खमीर साखर खाते, वायू सोडते, त्या वायूने कणीक फुगते आणि पाव होतो. या सगळ्याला वेळ लागतो. तो वेळ त्यांच्याकडे नव्हता, म्हणून भाकरी बेखमीर. मी फळ्यावर तशी आकृतीही काढली.

न्हावऱ्याहून मावशीकडे सुट्टीला आलेली एक मुलगी बराच वेळ विचारात होती. ती म्हणाली, "बाई, आमच्या घरी रोज बेखमीरच असती की."

"म्हणजे?"

"ज्वारीची. आय पीठ मळती आन् लगी थापती. फुगाया कवाच ठेवत न्हाई."

"बरोबर. आपली भाकरी बेखमीरच असते. त्यांचा मात्र पाव असायचा."

"म्हंजी त्या रातीला त्यांना आपल्यासारखं जेवावं लागलं?"

"हो."

"मंग त्यांना एवढं वाईट कशापायी वाटलं?" तिने विचारले, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "पाव न्हाई गावला म्हनून रुसली आसतील." सगळा वर्ग हसला.

मीही हसले असते, पण मला दिसत होते की माझी आकृती जागच्या जागी कोसळली आहे. मी जे सांगितले ते सगळे खरे होते. फक्त ज्या मुलांच्या ताटात आयुष्यभर न फुगवलेली भाकरीच आली आहे, त्यांना त्या भाकरीत घाई दिसणार कशी? त्या रात्रीची धडधड त्यांच्यापर्यंत नेण्याचा रस्ता मी नेमका त्यांच्या रोजच्या जेवणावरून काढला होता, आणि तो बंद होता. मी खमिराच्या पेशींबद्दल आणखी बोलत राहिले. फुगा एव्हाना एका बाजूला कलला होता.

त्याच वेळी शेजारच्या इमारतीतून, म्हणजे खुद्द देवळातून (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), लहान मुलांच्या वर्गाचा आवाज येईनासा झाला. आधी गलका होता. मग काहीच नाही. साठेक लहान मुले गप्प बसणे ही अशक्य गोष्ट आहे. मी माझ्या वर्गाला वचन पाठ करायला सांगितले आणि बाहेर येऊन देवळाच्या खिडकीपाशी गेले.

इथे एक सांगायला हवे. आमच्या दोन्ही मंडळ्यांत देवळात जाताना पायताण दाराबाहेर काढतात. कुणी शिकवावे लागत नाही. पप्पा बूट काढून मोजे त्यांत कोंबतात आणि जोड भिंतीकडे तोंड करून ठेवतात. बाहेरचे पाहुणे बूट घालून आत आले की म्हाताऱ्या बायका त्यांच्या पायांकडे बघतात, तोंडाकडे नाही.

वहिनीने सगळ्या मुलांना चपला घालून देवळात आणले होते.

मुले ओळीने उभी होती. प्रत्येकाच्या पाठीवर काहीतरी बांधलेले: कुणाचे दप्तर, कुणाचा टॉवेल, कुणाची पाण्याची बाटली ओढणीत गुंडाळलेली. हातात काठी म्हणून पट्ट्या, छत्र्या, उसाची टिपरी. दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. वहिनी स्वतःही चपला घालून दाराशी उभी होती आणि हलक्या आवाजात सांगत होती, "बसायचं नाही. टेकायचं नाही. उभ्यानं खायचं. अजून हाक आलेली नाही; पण कोणत्याही घासाला येईल. आली की तोंडातला घास तोंडात घेऊन निघायचं."

मुले खात होती, पण घास पुढे जात नव्हता. सगळ्यांचे कान दाराकडे आणि डोळे स्वतःच्या चपलांकडे. पुढच्या ओळीतली एक चिमुरडी रडकुंडीला आली होती.

"काय झालं गं?" वहिनीने विचारले.

"मॅडम, चपला घालून जेवलं तर आय मारंल."

"आणि देवळात घातल्या तर?"

"तर आज्जीबी मारंल."

"त्यांनापण तशीच भीती वाटत होती," वहिनी म्हणाली. "ज्या घरात ते नोकर होते, ज्या घराच्या मालकाला विचारल्याशिवाय पाणी पीत नव्हते, त्याच घरात ते बाहेर जायच्या चपला घालून जेवले. मालक अजून झोपला नव्हता."

मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते. हे शास्त्रात आहे. कंबर बांधून, पायांत जोडे घालून, हातात काठी घेऊन घाईने खा, असे त्या रात्रीबद्दल लिहिलेले आहे. मी तो उतारा कितीतरी वेळा वाचला होता. मी त्यात भाकरी पाहिली. तिने चपला पाहिल्या. आमच्या मुलांना भाकरीत काही नवे नव्हते. चपला घालून, उभ्याने, तेही देवाच्या घरात खाणे यापेक्षा मोठी उलथापालथ त्यांना माहीत नव्हती. ज्या गोष्टीसाठी मी बाटली, फुगा आणि खमीर आणले होते, ती तिने दारातल्या चपलांनी केली होती. ते मला सुचण्यासारखे नव्हते, असे मी स्वतःला सांगू शकले नाही. ते मलाच सुचायला हवे होते. निरीक्षण हा माझा धंदा आहे.

तेवढ्यात शिरूरच्या मंडळीचे पंच, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते समारोपाची व्यवस्था बोलायला आले. दाराशी चपला नाहीत हे पाहून त्यांना आधी वाटले वर्ग सुटला. मग त्यांनी आत पाहिले.

"पोरी, ह्ये काय चाललंय? देवाच्या घरात पायतानं?"

वहिनी काही बोलायच्या आत त्यांची नजर खिडकीतल्या माझ्याकडे गेली. "तू सांग गं. तू शिकल्याली हायेस. ह्ये आसं कुठं लिव्हलंय का?"

त्या क्षणी काय काय शक्य होते, याचा हिशेब माझ्या डोक्यात विजेच्या वेगाने झाला, हे मी नाकारत नाही. आप्पांचे मत पंचांत वजनदार होते. पण मला चुकीचा निष्कर्ष नोंदवता येत नाही. तो चांगुलपणा नव्हे. ती सवय आहे, आणि त्या दिवशी ती मला महागात पडली.

"लिहिलंय, आप्पा," मी म्हणाले. "जोडे घालूनच खायला सांगितलं होतं."

दारातच उभे राहून आप्पांनी स्वतःच्या पायांकडे पाहिले. आत येण्यासाठी त्यांनी आधीच एक चप्पल काढली होती. ती त्यांनी पुन्हा घातली आणि म्हणाले, "मंग मला बी दे एक तुकडा."

वहिनीने माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिले. तिने तसे पाहायला नको होते.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर शास्त्र उघडून बसले. उपदेशासाठी काही शोधायचे होते, सापडली मिर्याम. इस्राएल लोकांना मिसरातून बाहेर नेणाऱ्या मोशेची बहीण. तान्हा मोशे लव्हाळ्यांत होता तेव्हा पाळत ठेवून उभी राहिली ती हीच. समुद्र पार झाल्यावर हातात डफ घेऊन बायांच्या पुढे गेली तीही हीच. पुढे वाळवंटात तिने आणि तिचा दुसरा भाऊ अहरोन याने मोशेविरुद्ध कुरकुर केली. निमित्त काय, तर मोशेची बायको. म्हणजे मिर्यामेची भावजय. आणि खरी तक्रार पुढच्या वाक्यात: देव काय फक्त त्याच्याशीच बोलतो? आमच्याशी नाही बोलत?

लहानपणी वर्गात ही गोष्ट कुणी आम्हाला सांगितली नव्हती. मी ती पुन्हा वाचली. शिक्षा म्हणून मिर्यामेच्या अंगावर कोड उठले. अहरोनाच्या नाही. अपराध एकच, बोलणारे दोन, आणि परिणाम मात्र एकाच नमुन्यावर. आमच्या प्रयोगशाळेत असा अहवाल कुणी आणला असता तर मी सही केली नसती. तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवले. तिला परत आत घेईपर्यंत लोकांनी तळ हलवला नाही, असेही शेवटी लिहिले आहे. त्या ओळीपाशी मी त्या दिवशी थांबले नाही.

आई वाळत घातलेले कपडे काढायला आली होती. तिने माझ्या खांद्यावरून पाहिले. "मिर्याम वाचतीयेस? बरं झालं. घरातलीच गोष्ट आहे."

"आई."

"मी काय म्हणाले? कोड उठलं तर मलम आहे खाली." आणि कपड्यांचा ढीग घेऊन ती उतरली.

वर्गांच्या शेवटच्या सकाळी पंच देवळात बसले आणि दोन्ही वर्गांना समोर उभे केले. पाळकसाहेबांनी आधी माझ्या मुलांना विचारले. त्यांनी मिसरावर आलेल्या दहा पीडा क्रमाने सांगितल्या, वारा कोणत्या दिशेचा ते सांगितले, खमीर म्हणजे काय ते सांगितले. एकही उत्तर चुकले नाही. माझ्या वर्गाचा मला अभिमान वाटला आणि तो वाटण्यासारखाच होता. मग पप्पांनी हात वर केला. घरातल्या दोघी समोर असल्यामुळे आपण निवडीत बोलणार नाही, असे त्यांनी आधीच सांगितले होते. पण एक प्रश्न त्यांना विचारायचा होता. दोन्ही वर्गांना एकच.

"त्या रातीला जेवताना त्यांना कसं वाटलं आसंल?"

माझी मुले माझ्याकडे बघू लागली. त्यांच्या नजरेत उत्तर शोधण्याची धडपड होती. मी ते त्यांना दिलेच नव्हते. न्हावऱ्याची मुलगी शेवटी प्रामाणिकपणे म्हणाली, "आमच्यासारखंच." मागे पुन्हा थोडे हसू झाले.

लहानांच्या वर्गातून ती रडकुंडीला आलेली चिमुरडी पुढे आली. "घास खाली उतरत न्हाई," ती म्हणाली. "चपला घातल्या की वाटतं कुनीतरी वराडंल. पर काढाव्या बी वाटत न्हाईत."

पप्पांचे डोळे उघडे होते. प्रश्न विचारणाऱ्याचे डोळे उघडेच असणार, हे मी स्वतःला समजावले. पंचांचे बोलणे फार लांबले नाही. समारोपाचा उपदेश वहिनीचा. उपदेशाआधीचा शास्त्रपाठ मी वाचावा, कारण माझे वाचन स्वच्छ आहे, असे पाळकसाहेबांनी सुचवले. स्वच्छ. पाण्याच्या नमुन्याबद्दल आम्ही हाच शब्द वापरतो.

शिरूरला जायच्या आदल्या दिवशी वहिनी माझ्या खोलीच्या दाराशी आली. "ताई, पाळकसाहेबांनी परवानगी दिली आहे. उद्या कुणीच चपला काढायच्या नाहीत. भाकरी आई आणि मी करून घेऊ. तुम्हीपण काढू नका हं."

"बरं."

ती तिथेच उभी राहिली. "मला बोलता येईल ना? तुम्ही असता तर सगळं मुद्देसूद झालं असतं. माझं कुठून कुठे जातं."

"येईल तुम्हाला," मी म्हणाले. मला ठाऊक होते की येईल. तेच तर दुःख होते.

दोन गाड्या करून आम्ही चौफुल्यावरून शिरूरला गेलो. ऊन रस्त्यावर उभे राहिले होते. तिथले देऊळ जुने, काळ्या दगडाचे. दारापुढे फरशीची पायरी आहे, जिथे दर रविवारी चपलांचा ढीग पडतो. त्या दिवशी पाळकसाहेब पायरीवर उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "तसेच आत चला." लोक संकोचत होते. बायका पायरीवर थांबत, एकमेकींकडे बघत आणि मग साडी सावरत आत जात, जणू कुणाच्या अंथरुणावर पाय देत आहेत.

मी पायरीवर थांबले, वाकले, सँडलचे बक्कल सोडले आणि जोड भिंतीकडे तोंड करून ठेवला. कारण अगदी साधे होते: मी तिच्या वर्गातली विद्यार्थिनी नव्हते.

शास्त्रपाठाची वेळ झाली. मी व्यासपीठावर गेले, जिथे मला उभे राहायचे होते, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी उपदेशाची प्रस्तावना वाचू लागले. मी चांगले वाचले. प्रत्येक विराम जागच्या जागी होता. जोड्यांचा उल्लेख आला तेव्हा पुढच्या बाकांवरच्या नजरा नकळत खाली गेल्या, आपापल्या पायांकडे, मग माझ्या. व्यासपीठाला समोरून लाकूड नाही. माझी अनवाणी पावले सगळ्यांना दिसत होती. मी मान वर न करता पाठ संपवला आणि जागेवर जाऊन बसले.

वहिनी बोलली. तिचे खरेच कुठून कुठे गेले. ती मध्येच हरवली, एकदा तर स्वतःच हसली. पण एका ठिकाणी ती म्हणाली, "सुटका झाल्यावर त्यांनी जोडे घातले नाहीत. जोडे घातले तेव्हा ते गुलामच होते. दार बंद होतं. तरी त्यांनी आधी पाय तयार केले." मग ती म्हणाली, "समुद्रावर वारा कसा आला, ते माझ्या नणंदबाईंनी मुलांना पंखा लावून दाखवलं. मला ते आयुष्यात जमलं नसतं. पण त्या वाऱ्यापर्यंत चालत जायला पायात काहीतरी लागतं." लोक कौतुकाने माझ्याकडे वळले. अशा कौतुकापेक्षा टीका सोसायला सोपी असते.

ते जोड्यांचे वाक्य माझे असायला हवे होते, असे मला वाटले. आजही वाटते. इतके नीट बांधलेले वाक्य तिला बांधता येत असेल, तर मग माझ्याकडे वेगळे असे काय उरले?

मी पहिल्या बाकाकडे पाहिले. पप्पा बूट घालून बसले होते. काळे, पॉलिश केलेले, नोकरीतल्यासारखे. मी त्यांना देवळात बुटांत कधी पाहिले नव्हते. हातात भाकरीचा तुकडा होता आणि डोळे सताड उघडे. मग सगळे उभे राहिले आणि उभ्यानेच भाकरी खाल्ली. एवढी मोठी माणसे, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करणारी, शेतावरची, घाईघाईने घास गिळत दाराकडे बघत होती. आप्पांनी तर काठीही आणली होती. माझ्याही हातात कुणीतरी तुकडा दिला. मी तो खाल्ला. ज्वारीची साधी भाकरी होती.

शेवटचे भजन झाले आणि लोक निघाले. दर रविवारी दाराशी जी खोळंबून गर्दी होते, आपला जोड शोधणे, दुसऱ्याचा पायाने सरकवणे, तेवढ्यात ख्यालीखुशाली विचारणे, ती त्या दिवशी झालीच नाही. सगळे सरळ बाहेर पडले आणि गाड्यांकडे गेले. मी पायरीवर आले तेव्हा तिथे एकच जोड होता. माझा. उन्हात ठेवलेला.

पप्पा सावलीत उभे होते.

"समदी निघाली मिसरातनं," ते म्हणाले. "शास्त्रज्ञबाई तेवढ्या राहिल्या."

"सँडल तापलंय, पप्पा."

"तापणारच. फारोच्या दारात ठेवलं व्हतंस."

मी एक सँडल पायात सरकवले आणि चटका बसून पाय मागे घेतला. विचारायचे नव्हते, पण विचारले. "ती बोलत असताना तुमचे डोळे उघडे होते."

"व्हते."

"शेवटपर्यंत."

"तू वाचत व्हतीस तवाबी व्हते. तू वर बघितलंच न्हाईस."

मी त्यांच्याकडे पाहिले. ते गाड्यांच्या दिशेने बघत होते, चेहऱ्यावर काही नव्हते. त्यांचे हे विधान पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन माझ्याकडे नाही. त्या वेळी मी मान खाली घालून वाचत होते, आणि दुसऱ्या कुणाला विचारण्याइतकी मी खाली उतरले नाही. ते खरेही असेल. पप्पा गार्ड होते. मागे कुणी राहिले असेल तर गाडी सोडू नये, हे त्यांच्या अंगात आहे.

पुढच्या गाडीचे दार उघडे होते. आत आई मांडीवर भाकरीचे रिकामे डालगे घेऊन बसली होती, भाऊ चालकाशी बोलत होता, आणि वहिनी खिडकीशेजारची जागा धरून, ओढणी त्या जागेवर टाकून, माझ्याकडे बघत होती. चालकाने एकदा हॉर्न वाजवला. वहिनीने त्याला हाताने थांबवले.

सँडल अजून गरम होते. मी पायरीवर बसले आणि बक्कल लावायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लावला. कुणीही पुढे निघाले नाही.